बोराएवढं हृदय आणि त्यातला तो ठिपका!

तीन आठवडे झाले, मला रात्री धड झोप नाही! काळजीने नव्हे हो, नवलाने! डोळे मिटले की तो काळा-करडा पडदा दिसतो, त्यात उघडझाप करणारं ते एवढंसं हृदय दिसतं, आणि मग मी उठते, दिवा लावते, पुन्हा वाचायला बसते. भाजीवाल्या मावशींना सांगून झालं. शेजारच्या जोशीकाकूंना दोनदा सांगून झालं. आज तुम्ही सापडलात. बसा!

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नकाशे फळ्यावर लावले आणि काढले. त्यामुळे मी सांगतेय तो वैद्यकीय सल्ला नव्हे. ज्यांच्या घरात हा प्रश्न खरोखर उभा आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडेच जायचं. मी फक्त बघितलं, विचारलं आणि मग वाचत सुटले!

झालं असं की माझ्या भाचीला पाचवा महिना लागला. पाचव्या महिन्यातली ती मोठी सोनोग्राफी असते ना, अ‍ॅनॉमली स्कॅन, तीत बाळाच्या हृदयात एक चमकता ठिपका दिसला. "बहुधा काही नाही, पण एकदा बाळाचा इको करून घ्या," असं सांगितलं. बहुधा! हा शब्द ऐकून कोणाला जेवण जातं? जावई कामासाठी बंगळूरला, ताईचे गुडघे दुखतात, म्हणून मी गेले बरोबर. बाहेर भिंतीवर ती ओळखीची पाटी, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. तिच्याखाली बसून भाचीने फॉर्म भरला, सही केली. (ही बंदी घालणारा कायदा देशात १९९४ साली आला, पण त्याच्याही आधी, १९८८ साली, आपल्या महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता. ते तेव्हा फारच बरं झालं.)

आणि मग आत! अंधारी खोली, गारठवणारा एसी, पोटावर थंड जेल, आणि डॉक्टरबाईंनी हातातला प्रोब जरासा तिरका केला आणि पडद्यावर ते आलं!

चार कप्पे! अहो, चार कप्पे मोजता येतात! वर दोन, खाली दोन, मधोमध एक फुली, आणि त्या फुलीपाशी दोन झडपा लवलव उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात. आकाराने केवढं? बोराएवढं! वीस आठवड्यांच्या बाळाचं हृदय जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद असतं. ठोके मिनिटाला १४६! सेकंदाला दोनाहून जास्त! माझे बोटांवर मोजायचे प्रयत्न सगळे फसले. आणि वरच्या दोन कप्प्यांच्या मधे एक चोरवाट असते, तिच्यावर पातळ पापुद्र्याचा पडदा, आणि तो पडदा डाव्या बाजूला फडफडत होता, खिडकीच्या पडद्यासारखा! बाळ अजून फुप्फुसाने श्वास घेत नाही ना, नाळेतून आलेलं चांगलं रक्त फुप्फुसाला वळसा घालून सरळ डावीकडे जावं म्हणून ही वाट. जन्मल्यावर पहिले श्वास घेतले की तो पडदा मिटतो! मला वयाच्या साठीत हे पहिल्यांदा कळलं!

"हा बघा तो ठिपका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

झडपेच्या दोऱ्या जिथे बांधलेल्या असतात त्या स्नायूवर, तांदळाच्या कणीएवढा, पांढराशुभ्र. झडप हलली की तोही खाली-वर. आणि मग त्यांनी एक गंमत केली. पडद्याचा उजेड बटणाने हळूहळू उतरवत नेला. आधी हृदयाच्या भिंती अंधारात गेल्या, मग बाकीचं सगळं गेलं, उरल्या फक्त फासळ्या, कणा आणि तो ठिपका!

"हाडाइतका चमकतोय. म्हणजे स्नायूत कॅल्शियमचा कण बसलाय. पुष्कळ बाळांना असतो. बाकी सगळं छान आहे. गाठ असती तर अशी हाडासारखी चमकली नसती, ती गुळगुळीत, गोल आणि करडी-पांढरी दिसते."

भाचीने सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र तिथेच अडकले. गाठ? हृदयात? अजून जन्मलंही नाही अशा बाळाच्या? आणि ती बाहेरून दिसते?

"मावशी, आपलं झालंय, चल ना," भाची म्हणाली. पण रिपोर्ट छापून यायला वेळ होता, आणि डॉक्टरबाई भल्या होत्या. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी हृदय काढलं, मधल्या भिंतीवर एक गोळा, खालच्या कप्प्यात दोन, आणि खाली लिहिलं, रॅब्डोमायोमा. तो कागद अजून माझ्या ॲटलासमध्ये आहे!

तर ऐका. पोटातल्या बाळाच्या हृदयात गाठी क्वचितच होतात. पण झाल्या तर त्यांत सगळ्यांत जास्त आढळते ती ही, रॅब्डोमायोमा, हृदयाच्या स्नायूचीच गाठ. कर्करोग नव्हे! ती दुसरीकडे पसरत नाही. सहसा विसाव्या आठवड्यानंतर दिसू लागते, आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी अगदी स्वच्छ असूनही सातव्या महिन्यात दिसली असंही होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी कशा दिसतात माहीत आहे? कोळ्यासारख्या! पेशीत साखरेचा साठा एवढा भरलेला असतो की आतला ऐवज मधोमध गोळा होतो आणि तिथून कडेपर्यंत धागे ताणलेले, जणू जाळ्यात बसलेला कोळी. डॉक्टर लोक अशा पेशीला 'स्पायडर सेल'च म्हणतात!

आणि आता जे सांगतेय त्यावर माझा दोन दिवस विश्वास बसला नाही. ही गाठ पोटात वाढते, आठव्या महिन्याच्या आसपासपर्यंत वाढत राहते, आणि मग बाळ जन्माला आलं की ती आपली आपण आक्रसायला लागते! बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रिया लागत नाही! आईच्या शरीरातल्या संप्रेरकांवर ती पोसली जात असावी, नाळ तुटली की तिचं खाणं तुटतं, असं मानतात. किती वेळा वाचलं मी हे! अर्थात सगळंच इतकं सुरळीत नसतं. गाठ रक्ताच्या वाटेतच आडवी आली, किंवा ठोक्यांची लय बिघडली, किंवा बाळाच्या अंगात पाणी साचू लागलं तर धोका मोठा, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा इको करत राहावं लागतं.

मग मी म्हटलं, विरघळणारी गाठ आहे तर एवढी चिंता कशाची? आणि इथेच डॉक्टरबाईंनी पेन उचलून हृदयाच्या वर एक डोकं काढलं!

गाठ हृदयात, आणि काळजी मेंदूची!

कारण हृदयात अशा एकाहून जास्त गाठी असल्या तर बहुतेक वेळा त्यांच्यामागे एक जनुकीय आजार असतो, ट्यूबरस स्क्लेरोसिस. साधारण ६,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. यात मेंदू, त्वचा, मूत्रपिंड, डोळे, अशा अनेक ठिकाणी गाठी येऊ शकतात, पण वेगवेगळ्या वयात. मूत्रपिंडातल्या नंतर. चेहऱ्यावरचे लालसर पुटकुळ्यांसारखे दाणे तर सहसा दोन-चार वर्षांनी. सगळ्यांत आधी, आईच्या पोटातच, डोळ्यांना दिसेल असं कोण बोलतं? हृदय! स्वतः नंतर बरं होऊन मोकळं होणारं हृदय, मेंदूची बातमी आधी सांगून ठेवतं!

आणि त्या नावात काय दडलंय? ट्यूबर म्हणजे कंद! बटाटा, सुरण, रताळं, तसा कंद! १८८० साली पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात देझिरे-माग्लुआर बूर्नव्हील नावाच्या डॉक्टरांना फेफऱ्याने गेलेल्या एका १५ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत घट्ट, फुगीर गाठी हाताला लागल्या, कंदासारख्या, आणि त्यांनी ते नाव दिलं. पण थांबा, थांबा! त्याच्याही आधी, १८६२ साली बर्लिनमध्ये, फोन रेकलिंगहाउझेन नावाच्या डॉक्टरांनी एका नवजात बाळाची हकिगत मांडली होती. ते बाळ काही श्वास घेऊन गेलं होतं. त्याच्या हृदयात गाठी होत्या आणि मेंदूत घट्ट झालेले भाग! म्हणजे या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतली एक मुळी एका तान्ह्याच्या हृदयापासून सुरू होते, आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. त्या बाळाची आई माझ्या मनातून जात नाही. तिला कोणी काय सांगितलं असेल? सांगायला होतं तरी काय?

आणि मग १९८२! अमेरिकेत डिव्होर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या जिवंत बाळाच्या हृदयाच्या मधल्या भिंतीतली अशी गाठ सोनोग्राफीने ओळखली आणि छापली. १८६२ ते १९८२, बरोब्बर १२० वर्षं! मी कागदावर वजाबाकी करून पाहिली! जे शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसलं होतं, ते आता बाळ लाथा मारत असताना दिसू लागलं!

आणि दिसतं कशाने? आवाजाने! मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले की समुद्राची खोली कशी मोजतात, जहाजातून आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. तेच हो! तेच! प्रोबमधले स्फटिक विजेने थरथरतात, कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात जातो, सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने, आणि जिथे एक थर संपून दुसरा लागतो तिथून त्याचा प्रतिध्वनी परततो. हाडावरून जोरात, स्नायूवरून हलका, पाण्यातून काहीच नाही, म्हणून हाड पांढरं आणि रक्त काळं! १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड काढलेल्या गाठींचे नमुने मोटारीत घालून चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले होते, धातूतले तडे शोधायच्या यंत्राखाली ते धरून बघायला! १९५८ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला लेख छापला. माझी भाची ज्या पलंगावर झोपली होती तिथपर्यंतची वाट एका बॉयलरच्या कारखान्यातून आली आहे!

आता जनुकांकडे चला, घाबरू नका, मीही घाबरले होते. दोन जनुकं आहेत. एक नवव्या गुणसूत्रावर, एक सोळाव्यावर. सोळाव्यावरचं १९९३ साली सापडलं, नवव्यावरचं १९९७ साली. सोळाव्यावरच्या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याचं नाव ट्यूबरिन, पुन्हा तो कंद! ही दोन्ही प्रथिनं हातात हात घालून पेशीत एकच काम करतात, ब्रेक लावायचं. पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारी एक यंत्रणा असते, तिला 'आता पुरे' म्हणणारे हे दोघे. दोघांतला एक नादुरुस्त झाला की ब्रेक निकामी, आणि पेशी फुगत राहते. सोळाव्यावरचं हे जनुक फळांवरच्या चिलटांतही आहे, आणि ते बिघडलं की चिलटाच्या पेशी अवाढव्य होतात, म्हणून चिलटातल्या त्या जनुकाचं नाव काय, तर गिगास! राक्षस!

आणि मग, आणि मग! मी ॲटलास उघडला! कारण त्या 'वाढ, वाढ' म्हणणाऱ्या यंत्रणेचं नाव आहे एमटॉर, आणि त्यातला 'आर' म्हणजे रॅपामायसिन, आणि रॅपामायसिनमधलं 'रापा' म्हणजे रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट! माझं ईस्टर बेट! पॅसिफिकमधला तो एकटा ठिपका, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर, दगडी पुतळ्यांचं! दरवर्षी मी पट्टीच्या टोकाने मुलांना तो दाखवायची! १९६४ साली कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम तिथे गेली, येताना मातीचे नमुने घेऊन आली, आणि त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत हे रॅपामायसिन वेगळं काढलं ते कोणी? सुरेन सेहगल यांनी! अखंड पंजाबातल्या खुशाबमध्ये जन्मलेले आपले शास्त्रज्ञ! आधी ते बुरशीवरचं औषध म्हणून बघितलं गेलं, मग कंपनीने काम गुंडाळलं, प्रयोगशाळाच बंद झाली, आणि सेहगलांनी ते द्रव्य घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवलं! घरच्या! मटार-बिटार ठेवतो तिथे! काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं, आणि १९९९ साली अमेरिकेत ते मूत्रपिंड-रोपण झालेल्यांसाठी औषध म्हणून मंजूर झालं. आणि मग कळलं की पेशीत ते ज्याला जाऊन चिकटतं आणि थांबवतं, ती यंत्रणा म्हणजे हीच, ज्यावरचा ब्रेक या बाळांत निकामी असतो!

बेटावरच्या मातीने ब्रेक लागतो!

२०१० साली या औषधाचं भावंड, एव्हरोलिमस, अमेरिकेत याच आजारातल्या मेंदूच्या एका गाठीसाठी मंजूर झालं. आणि २०१८ साली तर एका गरोदर आईला मूळ रॅपामायसिनच दिल्यावर पोटातल्या बाळाच्या हृदयातल्या गाठी लहान झाल्याचं छापून आलं! आईने गोळी घ्यायची आणि बाळाची गाठ उतरायची! हा सर्रास उपचार नाही, फार निवडक आणि गंभीर वेळीच त्याचा विचार होतो, पण झालं, असं होऊ शकलं! मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले!

पण मला सगळ्यांत जास्त धरून ठेवलंय ते वेगळ्याच गोष्टीने. या आजारात दहांतल्या आठेक जणांना फिट्स येतात, आणि पुष्कळांना पहिल्याच वर्षात. तान्ह्या बाळाच्या या फिट्स कशा असतात? डोळे फिरवणं, तोंडाला फेस, तसलं काही नाही. नुसती मान खाली जाते, हात झटक्याने वर येतात, क्षणभर. पुन्हा. पुन्हा. आपल्याकडे काय म्हणतात? बाळ दचकतंय. आणि आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते. यात आजीचा काय दोष, दिसतंच तसं! पण त्या दचकण्यात दिवस जातात, आठवडे जातात, आणि वाढता मेंदू तेवढे दिवस मार खातो.

आता ज्या बाळाच्या हृदयातली गाठ सातव्या महिन्यात दिसली आहे, त्याचं बघा. त्याच्या आईवडिलांना आधीपासून ठाऊक आहे की कशाकडे लक्ष द्यायचं! ते दचकण्याचं मोबाइलवर चित्रण करतात आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवतात. त्याहून पुढे, पहिल्या महिन्यांपासून ठरावीक अंतराने ईईजी काढत राहायचा, आणि मेंदूच्या लहरी बिघडताना दिसल्या की फिट येण्याच्या आधीच औषध सुरू करायचं. युरोपात 'एपिस्टॉप' नावाने हेच करून पाहिलं, निष्कर्ष २०२१ साली आले, व्हिगाबॅट्रिन हे औषध आधी सुरू केलेल्या बाळांना फिट्स कमी झाल्या, उशिरा झाल्या! आजार जात नाही. पण काही महिने हातात मिळतात, आणि ते मिळवून कोण देतं? नंतर विरघळून जाणारी एक करडी गोल गाठ!

अवघड बाजूही आहे, ती मी पटकन सांगून पुढे पळणार नाही. साधारण तीन बाळांतल्या दोघांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडे काहीच नसतं. पण कधी कधी असतं! बाळाची गाठ दिसली म्हणून आईवडिलांना अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली तपासतात, आणि आईच्या पाठीवर पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे उजळतात. कोड नव्हे ते! आयुष्यभर कोणी लक्षच दिलेलं नसतं. त्या बाईला त्या दिवशी दोन बातम्या कळतात, बाळाची आणि स्वतःची. आणि असा आजार असलेली आई नोकरी करते, संसार करते, तिला क्वचितच काही त्रास झालेला असतो, तर त्याच आजाराचं दुसरं मूल आयुष्यभर दुसऱ्यावर अवलंबून राहतं. गर्भजल तपासून जनुकातला बदल बहुतेक वेळा सापडतो, पण बाळाच्या वाट्याला यातलं नेमकं काय येईल, ते कागदावर लिहून येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही गर्भपात करता येतो. आणि या गाठी तर पुष्कळदा २४ आठवड्यांनंतरच दिसतात! त्या खोलीत बसलेल्या दोघांनी काय ठरवावं, यावर बाहेरच्या कोणी बोलू नये असं मला फार मनापासून वाटतं. त्यांना भरपूर वेळ देणारा, नीट समजावणारा माणूस भेटावा, जनुकीय समुपदेशक भेटावा, एवढीच माझी तळमळ आहे.

काल रात्री मी भाचीला फोन केला, सेहगलांच्या फ्रीजरची गोष्ट राहिली होती ना! तिने ऐकली, सगळी ऐकली, मधे 'घरच्या फ्रीजरमध्ये?' असं दोनदा म्हणाली, आणि मग म्हणाली, "मावशी, थांब, लाथ मारली बघ आत्ता, मोठी." पुढची सोनोग्राफी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहे. जावई तोवर येतोय, पण मी तिला विचारून टाकलं, तुम्हा दोघांच्या मागे कोपऱ्यात एक स्टूल मिळेल का? मला तो चोरवाटेवरचा पडदा अजून एकदा बघायचाय, मिटायच्या आत!